पगार आठ तासांचा, नजर आठ प्रहरांची

२०१० साली अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात तुरुंग विभागाचा एक कर्मचारी आईच्या निधनामुळे घेतलेल्या रजेनंतर पुन्हा कामावर रुजू व्हायला गेला. रुजू होण्याआधी मुलाखत होती. मुलाखत घेणाऱ्याने त्याच्याकडे फेसबुकचा पासवर्ड मागितला. कैद्यांच्या टोळ्यांशी कर्मचाऱ्यांचे काही लागेबांधे आहेत का, हे विभागाला तपासायचे होते, असे कारण देण्यात आले. नोकरी हवी होती, म्हणून त्याने पासवर्ड दिला आणि एक परका माणूस आपल्या अकाउंटमधून फिरतो आहे हे समोर बसून पाहिले. त्या अकाउंटमध्ये एकट्या त्याचेच काही नव्हते. ज्यांनी त्या विभागाकडे कधी नोकरी मागितली नव्हती, अशा त्याच्या मित्रांचे आणि नातेवाइकांचे फोटो, निरोप आणि गप्पाही होत्या.

आदल्याच वर्षी माँटाना राज्यातल्या बोझमन शहराच्या पालिकेने नोकरीच्या अर्जासोबत असाच मजकूर मागवला होता: कोणत्या साइटवर खाते आहे, कोणत्या नावाने आहे, पासवर्ड काय. बातमी फुटल्यावर देशभर ओरड झाली आणि जून २००९ मध्ये पालिकेने ही अट मागे घेतली. मेरीलँडमध्ये प्रकरण आणखी पुढे गेले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या संघटनेने त्या कर्मचाऱ्याची बाजू घेतली, विधिमंडळात विधेयक आले आणि मे २०१२ मध्ये राज्यपाल मार्टिन ओमॅली यांनी त्यावर सही केली. नोकरदाराकडे किंवा उमेदवाराकडे त्याच्या खासगी खात्याचा पासवर्ड मागायला बंदी घालणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी तसेच कायदे केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये खुद्द फेसबुकने मालकांना जाहीर इशारा दिला होता की पासवर्ड मागणे हे कंपनीच्या अटींचा भंग आहे. आज दोन डझनांहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत. संपूर्ण देशासाठी कायदा करण्याचे प्रयत्न मात्र काँग्रेसमध्ये अडकले ते अडकलेच.

हा विजय खरा होता आणि तो मिळवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तरीही आज या कायद्यांकडे पाहताना जाणवते की त्यांनी प्रश्नाचा एक कोपराच धरला. मालकाला आता पासवर्ड लागतच नाही. सहकाऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट आहे, सर्वांना दिसणारे प्रोफाइल आहे, ऑफिसने दिलेला लॅपटॉप आहे, खासगी नंबरवर चालणारा कामाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि नेमणूकपत्रासोबत सही करून घेतलेले संमतीचे कागद आहेत. नोकरदाराच्या खासगी आयुष्यात शिरायच्या या वाटा कुलपाच्या कायद्याने बंद होत नाहीत. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मालकाने माहिती कशी मिळवली याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, भर त्या माहितीचे त्याने काय केले यावर हवा. कामाशी संबंध नसलेल्या माहितीवरून कुणाची भाकरी काढून घेता येऊ नये, आणि संबंध आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर असावे.

न्यू जर्सी राज्यातले दोन खटले शेजारी शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. हॅकेन्सॅकमधल्या एका रेस्टॉरंटच्या दोन वेटरांचा मायस्पेस या त्या काळातल्या साइटवर एक बंदिस्त गट होता. निमंत्रण असल्याशिवाय आत येता येत नसे, आणि कामाच्या ठिकाणचा राग, चिडचिड, ग्राहकांबद्दलची शेरेबाजी तिथे मोकळी व्हायची. गटातल्या एका सहकारी तरुणीने तो एका मॅनेजरला दाखवला. नंतर दुसऱ्या मॅनेजरने तिच्याकडून तिचा पासवर्ड मागून घेतला आणि वरच्या साहेबांनी तो गट वाचून काढला. दोघांची नोकरी गेली. खटल्यात त्या तरुणीने साक्ष दिली की पासवर्ड दिला नाही तर आपण अडचणीत येऊ असे तिला वाटले होते. २००९ मध्ये ज्यूरीने आणि नंतर न्यायाधीशांनी मान्य केले की अशा दडपणाखाली मिळालेली परवानगी ही परवानगी नव्हे. आधार होता १९८६ च्या एका केंद्रीय कायद्याचा, म्हणजे फेसबुक जन्मायच्या कितीतरी आधीचा.

दुसरा खटला रुग्णवाहिका सेवा चालवणाऱ्या एका संस्थेतल्या परिचारिकेचा. तिची फेसबुक भिंत फक्त मित्रयादीतल्या लोकांना दिसत असे. २००९ मध्ये वॉशिंग्टनच्या एका संग्रहालयात झालेल्या गोळीबारानंतर तिने तिथल्या वैद्यकीय सेवकांवर संतापून एक पोस्ट लिहिली. मित्रयादीतल्या एका सहकाऱ्याने कुणीही न मागता त्या पोस्टचा स्क्रीनशॉट व्यवस्थापनाकडे पोचवला. तिच्यावर कारवाई झाली. २०१३ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले: मित्रांपुरती मर्यादित ठेवलेली पोस्ट १९८६ च्या कायद्याने संरक्षित आहे. खटला मात्र ती हरली. सहकाऱ्याने स्वखुशीने माहिती दिली होती, व्यवस्थापनाने कोणावर जबरदस्ती केली नव्हती.

दोन्ही प्रकरणांत खासगी बोलणे साहेबांच्या टेबलावर पोचले. एकात ते बेकायदा ठरले, दुसऱ्यात नाही, आणि फरक एवढाच की मधला माणूस दबलेला होता की आपणहून पुढे आलेला. ज्याचे बोलणे गेले त्याच्या दृष्टीने या फरकाला काय अर्थ आहे? शिवाय बढतीच्या आशेने, कंत्राट पुढे वाढावे म्हणून, साहेबांच्या मर्जीत राहावे म्हणून दिलेली माहिती खरोखर ‘स्वखुशीची’ असते का, हे कोणते न्यायालय कसे मोजणार? कायदा जेव्हा फक्त दाराकडे पाहतो, तेव्हा घरभेद्याने आतून उघडलेल्या दाराचे त्याला काही करता येत नाही.

आपल्याकडे हे दार रोज सताड उघडे असते. महाराष्ट्रातली शाळा घ्या, पंचायत समिती घ्या, बँकेची शाखा घ्या किंवा औद्योगिक वसाहतीतली एखादी शिफ्ट. कामाचे आदेश आता व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात आणि ग्रुप असतो नोकरदाराच्या स्वतःच्या नंबरवर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर. एकदा नंबर साहेबांकडे सेव्ह झाला की डीपी दिसतो, स्टेटस दिसतो, रात्री किती वाजता ऑनलाइन होतो तेही दिसते. आजारपणाची रजा घेतलेल्या दिवशी कुणी लग्नाचा फोटो स्टेटसला ठेवला तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते. तो फोटो जुना आहे की आजचा, हे नंतर पाहिले जाते. सेटिंगमध्ये जाऊन स्टेटस ठरावीक लोकांपासून लपवता येतो, हे खरे. पण साहेबांपासून स्टेटस लपवला आहे हे साहेबांच्या लक्षात आले तर काय, ही भीती त्या सेटिंगपेक्षा मोठी ठरते. यात कुणी पासवर्ड मागितलेला नाही. मेरीलँडचा कायदा उद्या जसाच्या तसा इथे आणला, तरी या शिक्षकाला किंवा शाखेतल्या कारकुनाला त्याचा उपयोग नाही.

नोकरी लागण्याआधीची तपासणी हा याहून अवघड भाग आहे, कारण तिथे जे घडते ते उमेदवाराला कधी कळतही नाही. आपल्याकडे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करून देणाऱ्या कंपन्या आता पत्ता, पदवी आणि आधीची नोकरी यांच्यासोबत सोशल मीडियाची तपासणीही सेवा म्हणून विकतात. यावर नेहमीचे उत्तर असते, ‘जे जाहीर आहे ते पाहिले तर बिघडले कुठे?’ बिघडते ते असे. मुलाखतीत शहाणा अधिकारी जे विचारणार नाही, ते सगळे प्रोफाइलवर असते: धर्म, जात, आजार, गरोदरपण, कोणत्या पक्षाच्या सभेला गेला होता, कोणत्या जयंतीच्या मिरवणुकीत नाचला होता. ते एकदा पाहिले की न पाहिल्यासारखे करता येत नाही.

हा नुसता संशय नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अलेसांद्रो अक्विस्ती आणि क्रिस्टिना फाँग या संशोधकांनी चार हजारांहून अधिक मालकांकडे काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. अर्जात धर्माचा उल्लेख नव्हता. नावाने शोध घेतला तरच सापडेल अशा सोशल मीडिया प्रोफाइलवर काही उमेदवार मुस्लिम असल्याचे, काही ख्रिस्ती असल्याचे दिसत होते. बहुतेक मालकांनी शोध घेतल्याचे दिसले नाही. पण रिपब्लिकन पक्षाचे वर्चस्व असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला मुलाखतीचे बोलावणे लक्षणीयरीत्या कमी आले. आपल्या देशात आडनावावरूनच अर्धी माहिती कळते, उरलेली अर्धी प्रोफाइल पुरवते. आणि खासगी कंपनीने जात किंवा धर्म पाहून उमेदवार नाकारला तर त्याविरुद्ध दाद मागायला भारतात सर्वंकष कायदा नाही. एचआयव्ही बाधितांसाठी २०१७ चा आणि अपंगांसाठी २०१६ चा कायदा आहे, म्हणजे खासगी मालकालाही भेदभावापासून रोखता येते हे संसदेला ठाऊक आहे. पण ते तुकडे आहेत.

युरोपने या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली. तिथल्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांच्या गटाने जून २०१७ मध्ये नोकरीतल्या डेटावर एक मतप्रदर्शन प्रसिद्ध केले. प्रोफाइल सर्वांना दिसते म्हणून मालकाला ते आपल्या कामासाठी वापरायचा हक्क मिळतो, असे मालकाने गृहीत धरू नये, असे त्यात म्हटले आहे. प्रोफाइल व्यावसायिक आहे की घरगुती हे पाहावे, त्या विशिष्ट पदासाठी आवश्यक तेवढेच पाहावे, उमेदवाराला आधी सांगावे, निवड संपली की माहिती नष्ट करावी आणि उमेदवाराने आपली मैत्रीविनंती स्वीकारावी अशी अपेक्षा मालकाने ठेवू नये. त्याच कागदात आणखी एक वाक्य महत्त्वाचे आहे: मालक आणि नोकर यांच्यातल्या असमान नात्यात नोकराची संमती ही बहुतेक वेळा मुक्त संमती नसते. मला हा या सगळ्या चर्चेचा कणा वाटतो. घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि मुलांची फी ज्याच्या डोक्यावर आहे, त्याच्यापुढे सरकवलेल्या कागदावरची सही संमती म्हणून मोजायची नसते.

जाहीर प्रोफाइलचा विषय निघाला आहे तर पुण्या-मुंबईतल्या शेकडो घरांत सध्या ज्याची चर्चा आहे त्याचा उल्लेख करायला हवा. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावे भरावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगण्यात आले आणि १५ डिसेंबर २०२५ पासून हीच अट एच-वन-बी आणि त्यावर अवलंबून असणाऱ्या एच-फोर व्हिसालाही लागू झाली. इथे तपासणारा मालक नाही, सरकार आहे. पण नोकरी टिकणे न टिकणे त्यावरच ठरते, आणि परिणाम तोच: माणूस जुन्या पोस्ट पुसत बसतो, मित्राच्या पोस्टला लाइक करताना हात आखडतो. पासवर्ड न मागता, खातेदाराकडूनच कुलूप काढून घ्यायची ही रीत आहे. खासगी मालक उद्या हेच करू लागले तर कोणत्या कायद्याने अडवणार?

ऑफिसच्या यंत्रावरून केलेल्या खासगी संभाषणाचा सर्वात विचारपूर्वक निवाडा युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात झाला. प्रकरण रुमानियातले. एका अभियंत्याने कंपनीच्या सांगण्यावरून ग्राहकांशी बोलण्यासाठी याहू मेसेंजरचे खाते उघडले होते. जुलै २००७ मध्ये कंपनीने सुमारे आठवडाभर त्याच्या संदेशांवर पाळत ठेवली. खासगी वापर केला का असे विचारल्यावर तो नाही म्हणाला, तेव्हा त्याच्यापुढे ४५ पानी उतारा टाकण्यात आला. त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेले बोलणे होते, प्रकृतीचे, अगदी शरीरसंबंधांचेही. त्याला काढून टाकण्यात आले. जानेवारी २०१६ मध्ये त्या न्यायालयाच्या पहिल्या पीठाने कंपनीची बाजू उचलून धरली आणि जगभर मथळे आले की मालकांना कर्मचाऱ्यांचे चॅट वाचायची मुभा मिळाली. ते मथळे अनेकांच्या डोक्यात आजही टिकून आहेत. पण ५ सप्टेंबर २०१७ रोजी मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी तो निकाल फिरवला.

मोठ्या पीठाने घालून दिलेल्या कसोट्या मुळातून वाचण्यासारख्या आहेत. पाळत ठेवण्याआधी नोकरदाराला स्पष्ट सूचना दिली होती का? नुसती संदेशांची वर्दळ पाहिली की मजकूरही वाचला? त्यासाठी ठोस कारण होते का? कमी घुसखोरी करून तेच साधता आले असते का? मिळालेल्या माहितीचा वापर कशासाठी झाला? त्या अभियंत्याला इंटरनेटचा खासगी वापर करू नये हा नियम ठाऊक होता. आपले संदेश शब्दन्‌शब्द वाचले जातील हे मात्र त्याला आधी सांगितलेले नव्हते. नियम कितीही कडक असला तरी कामाच्या जागी माणसाचे खासगी सामाजिक जीवन शून्यावर आणण्याचा अधिकार मालकाला नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे. बारा-बारा तास ऑफिसात राहणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना याची किंमत वेगळी समजवायला नको. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर लॅपटॉप कंपनीचा आणि स्वयंपाकघर स्वतःचे, अशी सरमिसळ झाली आहे.

मालकांची बाजू पोकळ नाही, आणि ती बाजूला सारून ही चर्चा होऊ शकत नाही. वित्तक्षेत्रात तर कायदाच मालकाला डोकवायला भाग पाडतो. अमेरिकेत दलाली करणाऱ्या संस्थांना व्यवसायाचा सगळा पत्रव्यवहार जपून ठेवावा लागतो. कर्मचारी व्हॉट्सॲपवरून सौदे बोलत होते आणि नोंद राहत नव्हती, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला दोन नियामकांनी मिळून २० कोटी डॉलरचा दंड केला; पुढच्या वर्षी इतर अनेक मोठ्या संस्थांवर तशीच पाळी आली. मुंबईतही २०१७ मध्ये काही कंपन्यांचे आर्थिक निकाल जाहीर होण्याआधीच व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरत असल्याचे उघड झाले आणि सेबीने बाजारातल्या लोकांची उपकरणे ताब्यात घेऊन चौकशी केली. त्यातून काढलेले आदेश पुढे अपील न्यायाधिकरणात टिकले नाहीत, हा भाग वेगळा. लैंगिक छळाच्या तक्रारीत वरिष्ठाने रात्री अकरा वाजता खासगी नंबरवर पाठवलेला संदेश हाच पुरावा असतो, आणि २०१३ च्या कायद्याखाली नेमलेल्या समितीला तो पाहावाच लागतो. तो पुरावा पीडित स्त्री स्वतः आणून देते. चौकशी एका ठरावीक घटनेची असते, ती लेखी तक्रारीवरून सुरू होते आणि त्या घटनेपाशी संपते. मालकाला माहिती घ्यायला वाट हवीच असेल तर ती अशी अरुंद असावी. संशय कोणावरच नसताना सगळ्यांची खाती चाळणे ही चौकशी होत नाही.

पाहून झाल्यावर शिक्षा होते ती कशासाठी, हे तपासले तर चित्र अस्वस्थ करणारे आहे. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन शहरात शेरीफच्या कचेरीतल्या एका कर्मचाऱ्याने २००९ च्या निवडणुकीत साहेबांच्या प्रतिस्पर्ध्याच्या फेसबुक पानाला लाइक केले आणि त्याची नोकरी गेली. खालच्या न्यायालयाने म्हटले की नुसते लाइक हे अभिव्यक्ती म्हणण्याइतके मोठे नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये वरच्या न्यायालयाने ते नाकारले आणि लाइकलाही अभिव्यक्तीचे संरक्षण दिले. तुर्कस्तानात शिक्षण मंत्रालयात कंत्राटी सफाई काम करणाऱ्या एका बाईला काही पोस्टना लाइक केल्याबद्दल काढले, तेही भरपाई न देता; जून २०२१ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. सर्वात कमी पगाराच्या, सर्वात सहज काढता येणाऱ्या माणसावर असा वार आधी होतो, हे या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

लाइकची शिक्षा महाराष्ट्राने आधीच पाहिली आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेने जो उद्रेक झाला त्यातून श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द केले. म्हणजे आज त्या लाइकबद्दल ६६-अ खाली पोलीस पकडू शकत नाहीत. कंपनी मात्र कारणे दाखवा नोटीस देऊ शकते. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने बहुमताने ते खासगी व्यक्तींविरुद्धही लागू होऊ शकतात असे म्हटले खरे, पण कारखान्याच्या दारातून परत पाठवलेल्या कामगाराला त्याचा हाताशी धरण्यासारखा उपयोग अजून झालेला नाही.

सरकारी नोकरदाराचे वेगळे. त्याचा मालकच सरकार असल्याने त्याला घटनेचा थेट आधार आहे, आणि त्याच्यावर वर्तणूक नियमही आहेत. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका सरकारी कर्मचारी महिलेच्या बाबतीत दिलेला निकाल मला फार मोलाचा वाटतो. राजकीय सभेला गेल्याबद्दल आणि फेसबुक पोस्टबद्दल तिला निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले होते. मुख्य न्यायमूर्ती अकील कुरेशी यांनी म्हटले की सरकारी नोकर झाल्याने अभिव्यक्तीचा हक्क संपत नाही. तो नियमांच्या चौकटीत वापरता येतो. त्याच वर्षी लष्कराने जवान आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकायला सांगितले तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने एका अधिकाऱ्याची हरकत फेटाळली. सीमेवरच्या तुकडीचा ठावठिकाणा फोनमधून शत्रूला कळू शकतो. तिथे बंधनाचा कामाशी संबंध कुणालाही दिसेल. तीच फूटपट्टी तहसील कचेरीतल्या अव्वल कारकुनाला लावता येत नाही.

महाराष्ट्र सरकारच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी काढलेला शासन निर्णय या कसोटीवर तपासला की त्यात चांगले-वाईट दोन्ही सापडते. कायम, कंत्राटी, प्रतिनियुक्तीवरचे, स्थानिक स्वराज्य संस्थांतले, महामंडळांतले असे सगळे कर्मचारी त्याच्या कक्षेत येतात. सरकारी आणि खासगी खाते वेगळे ठेवा, बदली झाली की सरकारी खाते पुढच्या माणसाकडे सोपवा, खासगी खात्यावर शासनाचे बोधचिन्ह, गणवेश, सरकारी गाडी यांचे प्रदर्शन करू नका, गोपनीय कागद टाकू नका. हे सगळे रास्त आहे. रील करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या काळात गरजेचेही. पण शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका नको, हे बंधन खासगी खात्यालाही लागते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेने पटसंख्येवरून शाळा बंद करण्याच्या धोरणाबद्दल आपल्या मैत्रिणींच्या गटात दोन ओळी लिहिल्या आणि कुणी त्यांचा स्क्रीनशॉट गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवला, तर तिने कोणते गुपित फोडले? मुलांना जवळून पाहणाऱ्या माणसाला मुलांबद्दल बोलायला बंदी, असा त्याचा अर्थ लावला जाऊ नये, याची हमी त्या निर्णयात नाही.

खासगी क्षेत्रातले एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या एका कामगाराने वेतनकराराचा वाद चालू असताना व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर दोन पोस्ट टाकल्या. कंपनीने त्याला काढले, कामगार न्यायालयाने त्याला दिलासा दिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याला वाजवीपणाची मर्यादा आहे आणि चिथावणीचा मजकूर आधीच थोपवला पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पोस्टचा कामाशी संबंध होता यात शंका नाही. माझी काळजी पलीकडची आहे: पगारवाढीबद्दल कामगारांनी आपापसात बोलणे, संतापाने बोलणेही, हा कामगार चळवळीचा श्वास आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका बारच्या कर्मचाऱ्यांनी पगारातून कापलेल्या करावरून मालकांबद्दल फेसबुकवर तिखट लिहिले होते. त्यात लाइक करणारा आणि कमेंट करणारी असे दोघे नोकरीवरून गेले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने ते संयुक्त कामगार कृती म्हणून संरक्षित ठरवले. गंमत म्हणजे, महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यात जवळजवळ त्याच आशयाचे कलम आहे. परस्पर साहाय्यासाठी आणि सामुदायिक वाटाघाटींसाठी कामगारांनी केलेल्या एकत्रित कृतीत मालकाने हस्तक्षेप करणे ही अनुचित प्रथा ठरते. व्हॉट्सॲप ग्रुपवरची पगाराची चर्चा याखाली आणण्याचा आग्रह आपल्या कामगार संघटनांनी धरायला हवा.

आता राहिला देशाचा डेटा कायदा. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले आणि धोका सरकारइतकाच खासगी संस्थांकडूनही आहे हे नोंदवले. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. नोकरदाराने त्यातली दोन कलमे वाचावीत. कलम ३ सांगते की माणसाने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. म्हणजे युरोपने जिथे मालकाला अडवले, नेमके तिथे आपण त्याला मोकळे सोडले. कलम ७ सांगते की नोकरीच्या प्रयोजनासाठी, किंवा नुकसानीपासून आणि दायित्वापासून मालकाचे रक्षण करण्यासाठी, माहिती वापरायला संमती लागत नाही. संमती मुक्त आणि विनाअट असावी असे कलम ६ मोठ्या स्पष्टपणे म्हणते, आणि पुढचेच कलम मालकाला तिच्यातून सूट देते. ‘नोकरीचे प्रयोजन’ किती रुंद, हे सांगणारे एकही वाक्य त्यात नाही.

याहून कमी चर्चा झालेली गोष्ट म्हणजे पासवर्डची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमाखाली २०११ मध्ये जे नियम झाले, त्यांत संवेदनशील माहितीच्या यादीत पहिलेच नाव पासवर्डचे आहे. ती कंपनीने गोळा करायची तर लेखी संमती आणि वाजवी प्रयोजन लागते. नवा कायदा संवेदनशील असा वेगळा वर्गच मानत नाही आणि ४३-अ कलम वगळून टाकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वेळापत्रकानुसार हा भाग अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अंमलात येईल. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा ६६-क कलमाखालचा गुन्हा तेव्हाही राहील. पण मालकाने टेबलापलीकडून सरळ मागितला आणि नोकरदाराने घाबरून दिला, तर लबाडी कुठे शोधणार? मेरीलँडच्या त्या मुलाखतीला २०२७ नंतरच्या भारतीय कायद्यात नाव घेऊन अडवणारी तरतूद उरणार नाही.

दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. कामगारांचे कल्याण आणि कामाच्या अटी हा विषय समवर्ती सूचीत आहे, आणि अमेरिकेतही केंद्र अडकले तेव्हा राज्यांनीच पुढाकार घेतला होता. महाराष्ट्राकडे दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे; त्यात एक प्रकरण जोडता येईल. पासवर्ड मागू नये, खाते समोर उघडायला लावू नये, मैत्रीविनंती किंवा प्रोफाइल सर्वांसाठी खुले करण्याची अट घालू नये. उमेदवाराच्या खात्यांची तपासणी केली असेल तर त्याला लेखी कळवावे आणि काय सापडले ते दाखवावे. खासगी खात्यातल्या मजकुरावरून कारवाई करायची असेल तर मालकाने कामाशी थेट संबंध दाखवावा आणि मजकूर हाती कसा आला ते नोटिशीतच सांगावे. सहकाऱ्याकडून आलेला स्क्रीनशॉट असेल तर तसेही लिहावे. वेतन, सुरक्षा आणि कामाचे तास यांवरचे आपापसातले बोलणे कारवाईच्या बाहेर ठेवावे. कामाचा ग्रुप चालवायचा असेल तर नंबर आणि फोन मालकाने द्यावा. आणि हे सगळे कंत्राटी माणसालाही लागू असावे, पहिल्या दिवसापासून.